उलाळ गाडी

"फुडं सरा गं पोरीहो, फुडं सरा! गाडी उलाळ व्हायली!"

बापाचा तो हाकारा वनिताच्या कानात अजून जसाच्या तसा होता. थंडीच्या पहाटे बैलांच्या घुंगरांवरून येणारा, तंबाखूनं जाड झालेला. कारखान्याकडं निघालेली उसाची टायरगाडी, वर पाचटाच्या पेंढीवर दोघी बहिणी, आणि त्या जरा मागं सरकल्या की हा आवाज. ओझं मागं गेलं की गाडीची पुढची दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि जुपणं त्यांच्या नरड्याला आवळतं. त्याला उलाळ म्हणायचं. गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी बाप जुवाखाली तळहात घालून बघायचा.

"चांगली भरलेली गाडी हाताला कशी लागली पायजे? कडंवरच्या लेकरावानी. लई जड न्हाई, लई हलकी न्हाई. लेकरू हाय एवढं कळलं पायजे."

आणि मागून आई ओवीत तेच सांगायची,

*मागं नको बसू बाई, मागं धुळीचा गं लोट*
*पुढं घुंगराच्या नादी, धर बापाचं गं बोट*

बाप गेला, बैल गेले, आईचा गळा गेला. वनिता आष्टीजवळच्या कडा गावी नांदायला आली त्यालाही आता जमाना झाला. तिचा नवरा संजय वेल्डर. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आणि दुकानामागं तीन खोल्यांचं पक्कं घर. घराला सागाचं दार, दाराला आतून लोखंडी कडी, तीही संजयनंच घडवलेली. रोज निजताना वनिता ती कडी लावायची, अंथरुणाशी जायची आणि परत येऊन एकदा हलवून बघायची. सासू सिंधुबाई खाटेवरून ते बघायची आणि कूस बदलायची.

संजयचं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात गेलं. चार चाकांच्या, धिप्पाड, सोडल्या तरी जागच्या न हलणाऱ्या. सगळ्या दुसऱ्याच्या. मग उन्हाळ्यात एक दिवस तो भंगारातून भलतीच ट्रॉली ओढत घेऊन आला. दोनच चाकांची, बुटकी, लग्नाच्या वरातीत जनरेटर वाहून थकलेली.

शेजारचा पंक्चरवाला बजरंग हात पुसत आला. "काय बे संज्या, बँडवाला झाला का काय?"

"हिचं घर करायचंय बे. जीपच्या मागं जोडायचं. आत गादी, मागं स्वयंपाक. जिथं मन लागंल तिथं मुक्काम."

"घरातनं हाकललं काय वैनीनं?"

"हाकललं न्हाई. संगं घेऊन चाललोय तिला."

बजरंग हसत हसत गेला. वनिता दारात सूप घेऊन उभी होती. तिच्या सुपातल्या तुरी पाखडायच्या राहून गेल्या.

रात्री जेवताना संजय म्हणाला, "तूच सांगायचीस की. लग्न झालं तवा. ऊसतोडीवरची पाचटाची कोपी, म्होरं शेकोटी, वर चांदणं, तुझ्या आईच्या ओव्या. तवाच ठरवलं हुतं, हिला परत चांदण्यात निजवायचं. तवा जमलं न्हाई. आता लेक शिकायला लातूरला गेली, आपण दोघं मोकळे. पयली चीज हाय बघ वनिता, जी मी आपल्यासाठी बांधायलोय."

ती हसली. दुसरं काय करणार? तिनंच सांगितलं होतं. नवी नवरी नवऱ्याला माहेर सांगते तेव्हा उसाचं कांडं सोलून द्यावं तसं सांगते. पांढराशुभ्र गाभा त्याच्या हातात, आणि साल, पाचट, बोटाला झालेली चीर आपल्यापाशी. संजयनं त्या गाभ्याची गोडी इतकी वर्षं जपली, आणि आता तो तिच्यासाठी कोपी बांधायला निघाला होता. पत्र्याची, रंगवलेली, चाकांवरची कोपी. तिच्यात वनिताला एक रात्रसुद्धा काढायची नव्हती. पण हे त्याच्या तोंडावर म्हणायचं कसं? त्याच्या डोळ्यांत ते चांदणं आत्ताच उतरलं होतं.

मग तिनं बायकांचा जुना मार्ग धरला. नाही म्हणायचं नाही, नड काढायची.

"स्वयंपाकाचं काय? पत्र्यावर पोळपाट ठेवला की खडखड वाजंल."

संजयनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि घरी ओट्याला असतो तसा कडाप्पा आणला. काळा, गुळगुळीत, दोघांना उचलावा लागणारा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तो पक्का बसवला. "आता लाट पोळ्या. आवाज आला तर मला सांग."

"पाण्याचं काय? डोंगरात कुटं हिंडायचं कळशी घेऊन?"

कडाप्प्याखाली मोठा निळा ड्रम बसला, त्याला पितळी तोटी आली.

"न्हाणीला आडोसा? बाईमाणसाचं कसं व्हायचं?"

ड्रमाच्या शेजारी पत्र्याचा घडीचा आडोसा आला. उघडला की चौकोन, मिटला की ट्रॉलीच्या पाठीला चिकटून.

"आणि आत्याला घरी एकटं कसं ठिवायचं? त्यांची पेटी? त्या काय पेटीबिगर येत्यात व्हय?"

सिंधुबाई ओरडली, "बरं आठवलं गं बाई! मव्हं लुगडं, मव्हं त्याल, मव्हा गुडघ्याचा लेप. पेटी पायजेच." पेटीलाही मागं जागा झाली, आणि जास्तीचं चाक मागच्या पत्र्यावर.

वनिता एकेक नड काढत गेली, संजय एकेक नड भागवत गेला. ती म्हणेल ते त्याला खोड वाटायचं नाही, मागणी वाटायची. "हिच्या ध्यानात बघ कसं येतं," तो बजरंगला सांगायचा, "यूट्यूबवर असल्या गाड्या बांधणाऱ्याला न्हाई सुचलं ते हिला सुचतंय." ते ऐकलं की वनिता उठून आत जायची. शेतातल्या वाटेवर, नदीच्या पात्रात अडू नये म्हणून त्यानं ट्रॉलीला जीपची मोठी चाकं घातली, स्प्रिंगचे पाटे बदलून ती चांगली गुडघाभर उचलली. उन्हाचा ताव लागू नये म्हणून दोन पत्र्यांच्या मधे थर्माकोल भरला. गादीच्या उशाला बाबासाहेबांचा छोटा फोटो, त्याच्यावर मिणमिणता निळा दिवा.

एकच नड तिनं काढली नाही. दाराची.

ट्रॉलीला दार नव्हतं. कुशीला मोठी मोकळी चौकट होती आणि तिच्यावर ताडपत्रीचा पडदा. "दार कशाला?" संजय पडदा गुंडाळून वर बांधत म्हणाला होता. "दार लावलं तर घरात आणि हिच्यात फरक काय ऱ्हायला? पडलं ऱ्हायचं, आणि समदं आभाळ म्होरं."

वारा आला की तो पडदा फडफडायचा. वनिता अंगणात भांडी घासत असली तरी त्या आवाजानं तिच्या उजव्या पायाचा अंगठा आखडायचा. बाकी सगळं तिला मागता आलं, हे मात्र आलं नाही. दार मागायचं म्हटलं तर 'कावून?', का म्हणून, हे आलंच, आणि त्या एका शब्दाचं उत्तर तिनं कधी कुणाला दिलं नव्हतं.

भादव्यात ट्रॉली तयार झाली. कपिलधारचा धबधबा ऐन भरात होता, आणि कारखान्याच्या ट्रॉल्या दुरुस्तीला यायला अजून अवकाश होता. रविवारी निघायचं ठरलं. पहिला मुक्काम धबधब्याच्या अलीकडं, माळावर.

शुक्रवारी दुपारी संजय सामानाला गेला होता. वनिता झाडायला मागं गेली तर ट्रॉली जीपपासून सुटी, पुढची दांडी विटांच्या चवडीवर टेकलेली आणि मागच्या बाजूला एक लाकडी ठोकळा घुसवलेला. तिला त्या ठोकळ्याचा अर्थ क्षणात कळला: तो नसता तर ट्रॉली मागं बसली असती. तिनं झाडू बाजूला ठेवला, लुगड्याला हात पुसला आणि दांडीखाली तळहात घातला.

हाताला काहीच लागलं नाही.

लेकरू तर नाहीच, लेकराचं अंगडंसुद्धा नाही. तिनं बोटानं वर लोटलं तशी दांडी पिसासारखी उठली आणि ठोकळ्यानं करकर केली. कडाप्पा, ड्रम, आडोसा, पेटी, चाक. तिनं मागितलेलं सगळं मागं जाऊन बसलं होतं. तिची एकेक खोटी नड आता वजन होऊन ट्रॉलीच्या शेपटाला लोंबत होती. संजयनं ठोकळा लावला तो नुसता ती जागची हलू नये म्हणून; मागचं ओझं त्याला दिसलं नव्हतं, कारण त्याच्या ट्रॉल्यांना चार चाकं असायची. चार चाकांच्या ट्रॉलीत ओझं कुठंही टाका, ती आपल्या पायावर उभी. दोन चाकांचं गणित बैलगाडीचं असतं, आणि ते बापानं वनिताला शिकवलं होतं.

सांगायला हवं होतं. जेवताना सांगायचं तिनं ठरवलंही. पण ताटावर बसल्यावर मनात कुणीतरी कुजबुजलं, कड्याच्या बाहेर पडली की ही ट्रॉली अशी डुलेल की हेच माघारी फिरतील. मग तुला काही बोलावं लागणार नाही.

"वाढू का भाकरी?" तिनं विचारलं. आणि एवढंच.

रविवारी जीप निघाली. पुढं संजय, शेजारी वनिता, मागं सिंधुबाई आणि डब्यांची पिशवी. बजरंगनं दुकानातून हात केला. "डोंगरात वाघ भेटला तर म्हणावं, बजरंगनं रामराम सांगितलाय!"

आष्टीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा, वेग नव्हता. ट्रॉली गुमान मागं आली. वनिता आरशातून नजर हलवत नव्हती. जामखेड गेलं, सौताडा गेलं, रस्ता मोकळा झाला आणि संजयनं जरा पाय दाबला. तेव्हा तिला दिसलं. ट्रॉलीचं शेपूट आधी डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. गाय माशा हाकलते तसं. जीपचं बूड मधूनच वर उचलल्यासारखं हलकं लागायचं.

"वारा लई हाय माळाला," संजय म्हणाला.

बाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं. वनितानं पदराचं टोक मुठीत धरलं.

"हळू घ्या जरा," ती म्हणाली.

"घेतो की. घाबरती काय? मी बांधलीय." तो हसला. पण वेग कमी केला की ट्रॉली शांत व्हायची, म्हणून त्याची खात्रीच पटली की वारा होता. हा माघारी फिरणाऱ्यातला नव्हता, हे वनिताला तेव्हा कळलं. स्वतःच्या हातच्या कामावर असा भरवसा असलेला माणूस डुलतीला डुलती म्हणतच नाही.

पाटोद्याच्या पुढं, उतार लागायच्या अलीकडं एका चहाच्या टपरीशी ते थांबले. खाली रस्ता वळणं घेत उतरत होता, आणि हंगामाआधीचे रिकामे ट्रक आरडत वर येत होते. सिंधुबाई जीपमधून उतरली ती कंबर धरूनच.

"संज्या, ह्या जिपड्यानं मव्हे गुडघे मोडले. बिजागरीला गंज चढल्यावानी झालंय. हितनं फुडं मी गादीवर पडून येणार."

"माय, चालू गाडीत कुटं..."

"कावून? एवढी गादी मग कुनासाठी? पावन्यासाठी? उसाच्या ट्रालीवर बसून अख्खा तालुका हिंडतो, मला का पलंगावर झोपून येता येईना?"

संजयला ते मनातून आवडलं. त्याच्या ट्रॉलीची पहिली सवारी, आणि ती त्याची आई. "बरं. हळू चालवतो. पडदा बांधून घे."

सिंधुबाई पायरीवर चढली, गादीवर गेली, आणि पाय पुढं करून, डोकं मागं, पार कडाप्प्याकडं ठेवून आडवी झाली. "हां! आता राणी झाले बघा मी."

वनिताच्या हातातला चहा तसाच राहिला. खाली उतार, मागं उलाळ गाडी, आणि तिच्या शेपटाशी आत्याचं डोकं. कानात बापाचा आवाज इतका जवळून आला की तिनं मागं वळून बघितलं.

संजय जीपमधे बसला. चावी फिरली.

"थांबा."

"काय राह्यलं?"

"बंद करा गाडी. आत्याला उतरवा. गाडी उलाळ हाय."

"काय हाय?"

"उलाळ. समदं वज्जं मागं हाय. आता डुलत हुती ती वाऱ्यानं न्हाई. उतारावर ती जीपला ढकलंल, फिरवून टाकंल." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता.

संजय उतरला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं. "अगं, ट्रॉल्या बांधून माझे हात गेले. तू मला शिकवती व्हय?"

"मी कशाला शिकवू? हुकाची खीळ काढा आणि बघा. पण आदी आत्याला..."

"मी उतरत न्हाई," आतून आवाज आला. "आता कुटं पाठ टेकलीय."

वनितानं रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलले आणि चाकाला पुढून-मागून त्यांची उटी लावली, लहानपणी गाडी थांबली की लावायची तशी, न सांगता, सवयीनं. "आत्या, कडा घट्ट धरा मग."

संजयनं रागानंच हुकाची खीळ उपसली.

दांडी त्याच्या हनुवटीजवळून सपकन वर गेली. ट्रॉली मागं बसली, ढुंगणावर बसलेल्या म्हशीसारखी. आत पेटी घसरली, पातेली कडाप्प्यावर कोसळली आणि सिंधुबाईची किंकाळी निघाली, "अगं माय माय माय! उलथली की रं मेल्या!"

टपरीवाला धावला. दोघांनी मिळून दांडी खाली ओढून धरली, वनितानं पडदा वर करून आत्याला बाहेर घेतलं. कुठं लागलं नव्हतं, फक्त अंबाडा सुटला होता. सिंधुबाई टपरीच्या बाकावर बसून धापा टाकत होती आणि धापांमधे शिव्या देत होती, त्यावरून सगळं ठीक असल्याचं कळलं.

संजयनं दांडी परत हुकात अडकवली. तोटी उघडून ड्रमाचं पाणी सोडून दिलं. रस्त्याच्या कडेनं पाण्याचा ओहोळ उताराकडं निघाला आणि तो त्याच्याकडं बघत उभा राहिला. त्या उतारावरून आपण काय घेऊन निघालो होतो, हे त्याला त्या पाण्यामागोमाग दिसत असावं. मग तो हळूच म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"बापानं शिकवलेलं. दांडीखाली हात घालून बघायचं."

"हात कवा घातला तू?"

वनिता खाली पडलेलं पातेलं उचलायला वाकली.

"कवा, वनिता?"

"परवा."

"परवा कळलं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जड गेलं. "आणि बोलली न्हाईस? माय आत झोपली हुती. तू बसली हुतीस. मी बसलो हुतो."

"मला वाटलं तुमी डुलताना बघून माघारी फिराल."

"माघारी? म्हंजे तुला यायचंच न्हवतं?" तो ट्रॉलीकडं बघत राहिला, तोटीकडं, आडोशाकडं, काळ्या कडाप्प्याकडं. त्याला एकेक वस्तू नव्यानं दिसत होती. "मग हे समदं कावून मागितलंस?"

टपरीवाल्यानं उगाच ग्लास विसळायला घेतले.

सिंधुबाईनं अंबाडा बांधला. शिव्या संपल्या होत्या. बाकावर हात आपटून तिनं शेजारी जागा दाखवली. "हितं बस पोरी. रोज निजताना तू कडी दोनदा बघतीस. घरात आल्यापासनं बघतीस. मी कदी इचारलं न्हाई, म्हणलं आसंल काई. आज तू मला शेणाच्या पाटीवानी उलथवलंस, आज इचारते. काय हाय गं?"

वनिता बसली. समोर ताडपत्रीचा पडदा उताराच्या वाऱ्यावर फडफडत होता. आता खरंच वारा सुटला होता. तिनं चपलेतून उजवा पाय बाहेर काढला आणि मातीवर टेकवला.

"कोपीला दार न्हवतं," ती म्हणाली.

संजय जवळ येऊन उभा राहिला.

"बारदान लावलेलं असायचं. दिवसभर ऊस तोडून आई-बाप मेल्यावानी पडायचे. थोरली मी. मग आई बारदानाच्या टोकाला सुतळी बांधायची आणि दुसरं टोक मव्ह्या ह्या अंगठ्याला. कुनी बारदान उचललं की मला कळावं म्हणून. मी वरडायचं, मग ते उठणार. रोज रात्री. समदा हंगाम. एकदा सुतळी ओढली गेली. मी वरडले, बाप कोयता घेऊन उठला, तोवर कुनी न्हवतं. कुत्रं आसंल म्हणून समदे हसले. मी बी हसले. पण कुत्र्याच्या पायात चपला नसत्यात. मी ऐकल्या हुत्या."

तिनं संजयकडं बघितलं, लग्नानंतर पहिल्यांदा बघावं तसं.

"तुमाला मी खोटं न्हाई सांगितलं. चांदणं हुतं. बारदानाला भोकं हुती, त्यातनं लई चांदणं दिसायचं. पण ते मी बघत बसायचे, कारण मला डोळा लावायचं भ्या वाटायचं. मला दार पायजे, अवो. आतनं कडी आसलेलं. मग कुटं बी न्या."